वापरलेला गिटार कंट्रोलर: सहा महिन्यांच्या सरावानंतर

छत्रपती संभाजीनगरच्या पैठण गेट परिसरातील एका दुकानातून जानेवारीत मी यूएसबी वायरचा, वापरलेला गिटार कंट्रोलर, म्हणजे संगीताचे व्हिडिओ खेळ खेळण्यासाठीची गिटारच्या आकाराची वस्तू, २,६०० रुपयांना घेतला. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आधीच्या मालकाने तो कसा हाताळला हे ठाऊक नसताना त्याचे दोष बनवणाऱ्याच्या माथी मारणे योग्य ठरणार नाही. जालन्याला आणल्यापासून तो मी संगणकावरील ‘क्लोन हीरो’ या मोफत खेळासाठी जवळपास रोज वापरत आहे. यात गाण्याबरोबर पडद्यावर रंगीत स्वर सरकत येतात आणि प्रत्येक स्वराच्या वेळी त्या रंगाचे बटण दाबून बार ओढायचा असतो.

२००५ साली प्लेस्टेशन २ वर ‘गिटार हीरो’ हा याच प्रकारचा खेळ आला तेव्हापासून या उपकरणाची घडण फारशी बदललेली नाही. मानेवर हिरवे, लाल, पिवळे, निळे आणि नारिंगी अशी पाच बटणे, खोडावर वर-खाली हलणारा स्ट्रम बार आणि लांब स्वर थरथरवण्यासाठी व्हॅमीचा दांडा. तारा नाहीत, त्यामुळे यावर सराव करून खरी गिटार येईल अशी आशा कोणी धरू नये. ताल, दोन्ही हातांचा मेळ आणि बोटांची शिस्त मात्र यातून निश्चित सुधारते.

माझे पहिले दोन महिने स्ट्रम बारने खाल्ले. वेगवान ओळीत दर दुसरा-तिसरा स्वर निसटत असे आणि मी दोष हाताला देत होतो. अखेर एक संथ गाणे निवडून ते एकदा केवळ खाली आणि एकदा केवळ वर ओढून वाजवले, तेव्हा सगळ्या चुका वरच्या बाजूच्या निघाल्या. आतला बारीक स्विच झिजला होता. ओळखीच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने डाग देऊन नवा बसवला आणि बार दोन्ही बाजूंनी सारखा खटकू लागला. वापरलेली वस्तू घेणाऱ्याने ही चाचणी पहिल्याच दिवशी करावी, अन्यथा तंत्र सुधारण्याच्या नावाखाली आपण बिघडलेल्या स्विचशी जुळवून घेण्याची सवय लावून घेतो आणि ती सवय मोडायला दुप्पट काळ जातो.

बार नीट झाल्यावर खरी सुधारणा सुरू झाली. केवळ खाली न ओढता एक ठोका खाली, एक वर असा आळीपाळीने वाजवला की मनगटाचे श्रम जवळपास निम्मे होतात. ज्यांनी भजनी मंडळात पेटी वाजवली आहे त्यांना डाव्या हाताचे काम लवकर उमगेल. बोटे बटणांपासून उचलायची नाहीत, नुसती टेकवून ठेवायची. एकेरी स्वरात लाल वाजवताना हिरवे दाबलेले राहिले तरी खेळ ती चूक मानत नाही, म्हणून हिरवे धरून ठेवून लाल नुसते दाबत-सोडत राहिले तरी दोन स्वर आलटून पालटून मिळतात, आणि हॅमर-ऑन व पुल-ऑफच्या (नुसते बटण दाबून किंवा सोडून वाजणाऱ्या स्वरांच्या) ठिकाणी आधीचा स्वर बरोबर लागला असेल तर बार ओढावाही लागत नाही. दोन किंवा अधिक बटणांच्या कॉर्डला मात्र ही सूट नाही. तिथे नेमकी तीच बटणे दाबावी लागतात. नारिंगी बटणासाठी अख्खा पंजा सरकवायचा की करंगळी ताणायची, हा प्रश्न मला अजून पुरता सुटलेला नाही. सध्या मी पंजा सरकवतो आणि परत येताना निम्म्या वेळा चुकतो.

कठीण तुकडे मी सरावाच्या विभागात वेग कमी करून बसवतो. याउलट, पडद्यावरून स्वर सरकण्याची गती थोडी वाढवली की ते एकमेकांपासून लांब दिसतात आणि दाट ओळी वाचता येतात. नवशिक्याला हे उलटे वाटते, पण गाण्याचा वेग त्याने बदलत नाही.

या सगळ्याआधी एक काम आवश्यक आहे. टीव्हीवर चित्र आणि ब्लूटूथ स्पीकरवर आवाज थोडा उशिरा पोहोचतो, आणि तेवढ्या उशिराने अचूक ठोकाही चुकीचा ठरतो. टीव्हीचा गेम मोड चालू करून, वायरचा हेडफोन लावून आणि खेळातच दिलेल्या कॅलिब्रेशनने हा फरक भरून काढल्यावर, हातात काहीही न बदलता माझ्या चुका लक्षणीय घटल्या.

मे महिन्यात घामाने बटणे निसरडी होतात, त्यामुळे फडके जवळ असावे. गळ्यातला पट्टा सैल सोडल्यास कंट्रोलरची मान खाली झुकते आणि डावा हात वाजवण्याऐवजी तिला तोलत बसतो; तो आखूडच हवा. कंट्रोलरचे प्लॅस्टिक पिवळट झाले आहे, व्हॅमीचा दांडा सैल आहे, पण खेळात त्याने फारसे अडत नाही.

स्विच बदलण्याचा खर्च धरूनही सौदा मला परवडला. घेणाऱ्याने स्वतःचा लॅपटॉप दुकानात न्यावा आणि पाचही बटणे व बारच्या दोन्ही बाजू तिथेच तपासाव्यात, कारण विकणाऱ्याला ही वस्तू कशासाठी आहे हे माहीत असेलच असे नाही. मला तर ती लहान मुलांचे खेळणे म्हणूनच दाखवण्यात आली होती.