फिल्टर, मोका पॉट की फ्रेंच प्रेस? आधी दुधाचं ठरवा

भांडं निवडण्याआधी कपात दूध किती जाणार ते ठरवा. निम्म्याहून जास्त दूध घालणाऱ्याला त्यात हरवून न जाणारा दाट अर्क लागतो. काळी कॉफी पिणाऱ्याला तोच अर्क घशाखाली उतरवता येत नाही. साउथ इंडियन फिल्टर, मोका पॉट आणि फ्रेंच प्रेस यांतली निम्मी निवड इथेच होते.

दुधाची कॉफी हवी असेल तर आमचं मत सरळ फिल्टरच्या बाजूने आहे. एकावर एक बसणारे स्टीलचे दोन डबे, वरच्याच्या तळाला बारीक भोकं, आत दांडीची चकती आणि झाकण. बिघडण्यासारखं त्यात काही नाही. दोन कपांसाठी २० ग्रॅम पूड आणि १२० मिली पाणी घ्या. वरचा डबा कोरडा ठणठणीत हवा. पूड सारखी करून चकतीने नुसती बसवायची, दाबायची नाही. पाणी उकळलं की अर्धा मिनिट थांबून आधी पूड भिजेल इतकंच ओता. पूड ताजी असेल तर ती फुगून वर येते, बुडबुडे दिसतात. अर्ध्या मिनिटाने उरलेलं पाणी ओतून झाकण लावा. १५-२० मिनिटांत खाली साधारण ८० मिली डिकॉक्शन, म्हणजे तो दाट अर्क, जमतं, बाकीचं पाणी पूड पिऊन बसते. एक भाग डिकॉक्शनला तीन भाग कढत दूध. डिकॉक्शन मात्र पुन्हा गॅसवर ठेवू नका, कडवट होतं.

फिल्टर थेंबही सोडत नाही, ही नेहमीची तक्रार. पूड पिठासारखी बारीक असेल किंवा चकती जोरात दाबली असेल तर असं होतं. तिसरं कारण पटकन लक्षात येत नाही: दोन्ही डबे इतके घट्ट बसतात की खालची हवा कोंडते. वरचा डबा फडक्याने धरून जरासा उचलला की 'फुस्स' होतं आणि थेंब सुरू होतात. तरीही अडलं तर भोकं तेलकट गाळाने बुजलेली असतात. रिकामा डबा उजेडाकडे धरून पाहा. बुजलेली भोकं सुईने मोकळी होतात. उलट पाच मिनिटांत सगळं पाणी खाली आलं, तर पूड जाड आहे. त्या डिकॉक्शनची कॉफी पांचट होणारच.

पाकिटावरचं चिकोरीचं प्रमाणही वाचा. चिकोरी म्हणजे भाजलेली मुळी. रंग आणि दाटपणा देते, पण तिच्यात कॅफीन नसतं. आपल्याकडच्या नियमानुसार अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते, म्हणजे जवळजवळ निम्मी चिकोरीसुद्धा नियमात बसते. ८०:२० पासून सुरुवात करणं बरं. जायफळाची कॉफी आवडणाऱ्या घरांत फिल्टरचं डिकॉक्शन इन्स्टंटपेक्षा कितीतरी छान लागतं. जायफळ दूध उतरवल्यावर किसून घाला.

मोका पॉट इटलीतला, १९३३ सालचा. खालच्या भांड्यात पाणी तापतं, वाफेचा दाब ते पाणी पुडीतून वर ढकलतो. हा दाब एस्प्रेसो यंत्राच्या मानाने फारच कमी असतो, त्यामुळे 'घरच्या घरी एस्प्रेसो' ही जाहिरात मनावर घेऊ नका. चव मात्र ठसठशीत येते आणि वेळ पाच-सात मिनिटं लागतो. पाणी आधीच गरम करून खालच्या भांड्यातल्या वाफ सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या खालपर्यंत भरा. पुडीची जाळी काठोकाठ भरा, पण न दाबता. पूड मिठाइतकी बारीक. आच मंद ठेवा, झाकण उघडं. वर आधी गडद, मग मधाच्या रंगाची धार येते. ती फिकी पडून गुडगुड सुरू होताच पॉट उतरवून बूड नळाखाली धरा. गुडगुडीनंतर येतं ते जळकट पाणी.

मोका पॉटचे त्रास वेगळे. तीन कपांचा पॉट म्हणजे जेमतेम १५० मिली, आणि तो अर्धा भरून चालत नाही. घरात कधी दोघं, कधी सहा जण असतील तर ही मोठी अडचण आहे. ॲल्युमिनियमचा पॉट साध्या इंडक्शनवर तापत नाही. गॅसच्या स्टँडवर छोटा पॉट कलंडतो, वर एक लहान जाळी ठेवावी लागते. आच बुडाबाहेर गेली तर मूठ वितळते. बाजूने वाफ निसटली तर कुकरसारखंच समजा: रबर कडक झालंय किंवा कडेवर पुडीचे कण अडकलेत. चिकोरीची पूड यात घालू नका, ती चिकट होऊन जाळी तुंबवते.

काळी कॉफी पिणाऱ्यांनी फ्रेंच प्रेस घ्यावा: काचेचं भांडं आणि वरून खाली दाबायचा जाळीचा दट्ट्या. ३० ग्रॅम पूड, लापशीच्या रव्याइतकी जाड, आणि ५०० मिली पाणी. चार मिनिटांनी वरची साय चमच्याने मोडा, दट्ट्या सावकाश खाली न्या आणि सगळी कॉफी लगेच ओतून घ्या. भांड्यात राहिली तर उतरत राहते, कडू होते. दट्ट्या अडला तर पूड बारीक आहे. जोर लावलात की काच तरी फुटते नाहीतर कढत पाणी अंगावर उडतं. कपाच्या तळाशी थोडा गाळ राहणारच. कोलेस्टेरॉल जास्त असलेल्यांनी मात्र रोजच्यासाठी पोर-ओव्हर, म्हणजे वरून पाणी ओतून कागदी फिल्टरने गाळलेली कॉफी, पाहावी: कॉफीतले कोलेस्टेरॉल वाढवणारे तेलकट घटक कागद अडवतो, प्रेसची जाळी अडवत नाही.

पैसे उरत असतील तर ते भांड्यावर नको, हाताने फिरवायच्या ग्राइंडरवर घाला. मिक्सरमध्ये निम्म्या बियांचं पीठ होतं, निम्म्यांचे तुकडे राहतात, त्यामुळे एकाच कपात कडू आणि आंबट दोन्ही लागतं. मिक्सरच वापरायचा तर दोन-दोन सेकंदांचे झटके द्या, पीठ बारीक चाळणीने काढून टाका आणि उरलेलं प्रेसला वापरा. ग्राइंडर नको असेल तर मुंबईतल्या माटुंग्यासारख्या ठिकाणी बिया समोर दळून देतात. तिथे 'फिल्टरसाठी' की 'प्रेससाठी' ते सांगा, आणि दहा-बारा दिवसांत संपेल इतकीच पूड घ्या.