जॉ चक काढून कॉलेट चक बसवला: थंडी आणि उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

दिवाळीनंतर वाळूजच्या आमच्या शेडमधल्या सीएनसी लेथवरचा २१० मिमीचा तीन जॉचा (तीन जबड्यांनी बार पकडणारा) हायड्रॉलिक चक उतरवला आणि पुल-बॅक कॉलेट चक चढवला, म्हणजे चिरा असलेली बाही मागे ओढून बार चहूबाजूंनी आवळणारा. आता पाऊस सुरू झालाय. एमआयडीसीतले ओळखीचे लोक "घ्यावा का?" असं विचारत असतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचं काम ब्राइट बारमधल्या (मापात ओढलेल्या गुळगुळीत सळईच्या) पिना आणि बुशचं. जॉ चकवर आरपीएम वाढवला की जॉ बाहेर ओढले जातात आणि पकड ढिली पडते. हे बल आरपीएमच्या वर्गाने वाढतं. १५०० वरून ३००० ला गेलात की चौपट. कॉलेटमध्ये तसे जड जॉ नसतात आणि पकड सगळ्या बाजूंनी बसते. फरक पहिल्या आठवड्यातच दिसला: पातळ बुश तीन ठिकाणी दबून वाकडे व्हायचे ते थांबलं, पिनांवर जॉचे वळ उठेनासे झाले.

बसवताना मात्र सगळा जीव ड्रॉ ट्यूबमध्ये, म्हणजे मागच्या हायड्रॉलिक सिलिंडरची ओढ चकपर्यंत आणणाऱ्या नळीत आहे. आमचा स्पिंडल नोज (ज्यावर चक बसतो ते टोक) ए२-६ मापाचा, चकही ए२-६चाच मागवला, त्यामुळे पुढची बाजू सरळ बसली. टेपर पुसून, बोल्ट समोरासमोरचे आवळत डायल लावून चक सरळ फिरतो का पाहिलं, काम झालं. पण ड्रॉ ट्यूबचे आटे नव्या चकशी जुळत नव्हते, अडाप्टर टर्न करून घ्यावा लागला. चकचा भाव विचारण्याआधी ट्यूबचे आटे, आतला बोअर आणि सिलिंडरचा स्ट्रोक (पिस्टनची चाल) मोजून कागदावर लिहा. अडाप्टरची लांबी अशी हवी की पिस्टन शेवटाला टेकायच्या आत कॉलेटने बार घट्ट धरलेला असेल. नाहीतर गेज पूर्ण प्रेशर दाखवतो आणि बार हाताने फिरतो. सिलिंडरमागचे क्लॅम्पचे (पकड बसली का ते सांगणारे) सेन्सरही नव्या स्ट्रोकप्रमाणे पुन्हा लावावे लागतात. "तात्पुरता बायपास करू" असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा, बार उडाला तर समोर माणूस उभा असतो.

दुसरी गोष्ट प्रेशरची. हिशेब सोपा आहे: पिस्टनचं क्षेत्रफळ १५० चौ. सेंमी आणि प्रेशर दर चौ. सेंमीला २० किलो असेल तर ओढ ३००० किलोची. चकच्या पट्टीवर जास्तीत जास्त किती ओढ चालते ते लिहिलेलं असतं, त्याच्या आतच राहा. आणि बार नसताना पॅडल दाबू नका. रिकामा कॉलेट आवळला की त्याच्या पाकळ्या कायमच्या दबतात. आमच्या प्रत्येक नव्या ऑपरेटरला पहिल्या दिवशी हेच सांगितलं जातं.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली पारा चाळिशीपार गेला की टाकीतलं व्हीजी ३२ (दाटपणाचा ग्रेड) हायड्रॉलिक तेल पातळ होतं आणि दुपारच्या जेवणानंतर गेज थोडा उतरलेला दिसतो. सकाळी लावलेल्या प्रेशरवर दिवसभर विसंबू नका. पॉवर पॅकच्या (तेलाची टाकी आणि पंप) कूलरची जाळी साफ ठेवल्यावर आमच्याकडे बराच फरक पडला.

उणीव सांगायची तर लांबीची. पुल-बॅकमध्ये कॉलेट मागे सरकतो. कॉलेटच्या शंकूची एक बाजू अक्षापासून १५ अंशांची धरली, तर बार ०.१ मिमीने बारीक निघाला की कॉलेट जवळपास ०.१९ मिमी जास्त मागे जातो. बारमधून सलग कापताना ते चालतं. दुसऱ्या सेटिंगला, जिथे खांद्याची लांबी राखायची आहे, तिथे चकच्या बॉडीला बांधलेला स्टॉपर हवाच, किंवा मुळात डेड-लेंथ प्रकारचा (ज्यात कॉलेट मागे सरकत नाही) चक घ्यावा. काळा बार (गरम लाटलेली, खडबडीत सळई) तर यात घालूच नये. आणि साध्या स्टील कॉलेटला प्रत्येक साइजचा वेगळा नग लागतो, तो खर्च आधीच धरा. आम्ही नेहमीच्या साइजचे दोन-दोन ठेवतो.

बार आणि गोल पिनांसाठी मी हाच चक पुन्हा घेईन. कास्टिंगचे हब आले की ते शेजारच्या मशीनवर जातात, तिथला जॉ चक आम्ही हलवलेला नाही.