नास्तिकाने वर गेल्यावर कुठे राहावं?

स्वर्ग-नरक असं काही नसतं, हे तुम्हाला मान्य आहे, मलाही. तरी पितृपक्षात ठाण्याच्या नौपाड्यातल्या कुठल्याही घरी पानावर बसलं की एखादी मावशी विचारतेच, "देव मानत नाहीस, मग वर गेल्यावर काय करशील रे?" वर काही नाहीच, हे उत्तर खरं असलं तरी त्याने गप्पा संपतात आणि खीर मुकाट खावी लागते. म्हणून एकदा धरून चालू, की डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि समोर चित्रगुप्त वही उघडून विचारतोय, "बोला, कुठे?"

आधी खिडकी कोणाची ते बघा. तलावपाळीला एका अंगाला कोपिनेश्वर आहे, दुसरीकडे सेंट जॉन बाप्टिस्टचं चर्च. दोघांचे नियम वेगळे, आणि सगळ्यात मोठा फरक मुदतीचा. चर्चकडचा मुक्काम कायमचा. तिथे सतराव्या शतकातल्या पास्कल या फ्रेंच विचारवंताचा हिशेब लागू होतो: हरलात तर तोटा अनंत, म्हणून स्वर्गच घ्या. त्यात कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली म्हटलं आहे, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना देव उमगला नाही, पण जे नीट जगायला धडपडतात, त्यांनाही दार बंद नाही. हा पर्याय मिळत असेल तर वाद न घालता घ्यावा. इटालियन कवी दान्तेने आपल्या महाकाव्यात सॉक्रेटिस, ॲरिस्टॉटल, इब्न सीना या मंडळींना नरकाच्या पहिल्याच वर्तुळात ठेवलं आहे. तिथे यातना नाहीत. सात तटांचा किल्ला आहे, हिरवळ आहे, नाही ती फक्त आशा. नास्तिकाला ही जागा वाईट नाही, पण ती मागून मिळत नाही.

आपल्याकडच्या खिडकीवर दोन्ही मुक्काम तात्पुरते आहेत, आणि त्यामुळे निवड अवघड होते. पुण्य संपलं की परत मृत्युलोकात, हे गीतेच्या नवव्या अध्यायातच आहे. त्यावर ज्ञानेश्वर तर फारच कडक बोलले आहेत: पैसे संपल्यावर वेश्येचं दारसुद्धा ठोठावता येत नाही, तशी यज्ञ करून स्वर्ग कमावणाऱ्यांची गत. स्वर्गाला नेणाऱ्या पुण्यालाही त्यांनी ‘पुण्यात्मक पाप’ म्हटलं. इतकं तर आपल्यातल्या कोणी कधी म्हटलं नाही.

आता स्वर्ग. त्याचं सगळ्यात प्रामाणिक वर्णन महाभारताच्या वनपर्वात आहे, आणि तेही तिथल्याच माणसाच्या तोंडून. मुद्गल नावाचा ऋषी शेतात सांडलेले दाणे वेचून जगायचा. दुर्वासाने सहा वेळा येऊन त्याचं सगळं अन्न संपवलं, तरी तो चिडला नाही. मग देवदूत विमान घेऊन आला. मुद्गलाने बसायच्या आधी विचारलं, तिथले गुण सांग आणि दोषही सांग. (फ्लॅट बघायला गेल्यावर दुसरा प्रश्न आपण विसरतो.) दूताने काही लपवलं नाही. भूक नाही, तहान नाही, थंडी-ऊन नाही, घाम नाही, दुर्गंधी नाही, कपड्यांना धूळ लागत नाही, हार कोमेजत नाहीत. घोडबंदर रोडवर रोज धूळ खाणाऱ्याला इथेच सही करावीशी वाटेल. पण दोष ऐका. तिथे नवं काही करता येत नाही, फक्त केलेलं भोगायचं. शेजाऱ्याचं तेज आपल्यापेक्षा जास्त दिसलं की जळफळाट होतो. आणि गळ्यातला हार कोमेजायला लागला, की समजायचं, आता खाली पडायची वेळ. हे सगळं ऐकून मुद्गलाने दूताला नमस्कार केला आणि विमान रिकामं परत पाठवलं.

मला यातला भुकेचा मुद्दा सगळ्यात जास्त खटकतो. भूकच नसेल तर मामलेदारच्या तिखट मिसळीचं करायचं काय? नाक गळतंय, डोळ्यांत पाणी, तरी पाव पुन्हा कटात जातोय. यातलं काहीच भूक नसलेल्याला कळणार नाही. शिवाय सोबतही बेताचीच. तुकोबा, ज्ञानोबा तिथे भेटतील या आशेवर जाऊ नका. वारकऱ्यांच्या हिशेबात ते इंद्राकडे नाहीतच. तुकोबांनी तर मुक्तीही नको म्हणून गर्भवास मागितला. स्वर्गात भेटतील ते यज्ञ करणारे राजे, आणि कोणी तप केलं की आसन डळमळतं म्हणून घाबरणारा इंद्र.

मग नरक? ‘नरकच बरा, सगळे आपले लोक तिथे’ असं कट्ट्यावर टाळी घेत म्हणायची पद्धत आहे. यादी खरंच मोहात पाडणारी आहे: जिवंतपणी ज्यांची प्रेतयात्रा निघाली ते आगरकर, ‘समाजस्वास्थ्य’ चालवणारे र. धों. कर्वे, लाहोरच्या तुरुंगात १९३० साली नास्तिकतेवर लेख लिहिणारा भगतसिंग, देवाला रिटायर करा म्हणणारे डॉ. लागू. या मंडळींशी गप्पा म्हणजे गडकरी रंगायतनच्या पहिल्या रांगेपेक्षा भारी. पण भागवताचा पाचवा स्कंध उघडून बघा. अठ्ठावीस नरकांत गप्पांची सोय कुठेही नाही. वेदमार्ग सोडून पाखंड धरणाऱ्यासाठी, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी, असिपत्रवन राखून ठेवलं आहे: तलवारीसारख्या पानांचं रान आणि मागून चाबूक. पळणारा माणूस गप्पा मारत नाही. बाकीच्या वाटपाशी मात्र माझं फार भांडण नाही. प्राणी जिवंत शिजवणाऱ्याला कुंभीपाक, पाहुण्याकडे वाकड्या डोळ्यांनी बघणाऱ्याचे डोळे गिधाडं काढणार, व्यवहारात खोटं बोलणाऱ्याला शंभर योजनांच्या डोंगरावरून खाली ढकलणार. फ्लॅटचा ताबा मिळायची तारीख ऐकून ऐकून थकलेल्यांच्या मनात इथे कोणीतरी आलं असेल.

तरीही एका माणसाने शुद्धीत राहून नरक निवडला होता. धर्मराज स्वर्गात पोचला तर समोर दुर्योधन थाटात बसलेला. भाऊ कुठे आहेत म्हटल्यावर त्याला अंधारातून, चिखलातून नेलं. तो परत फिरणार तेवढ्यात आवाज आले: थोडा वेळ थांब, तू आल्यापासून वारा गार लागतोय. कर्ण होता, भीम होता, द्रौपदी होती. धर्मराज दूताला म्हणाला, तू जा, मी इथेच थांबतो. पुढे इंद्र येऊन सगळा देखावा मिटवतो आणि नियम सांगतो: पाप जास्त असलेल्याला आधी स्वर्ग, पुण्य जास्त असलेल्याला आधी नरक. पण धर्मराजाने ठरवलं तेव्हा त्याला हा नियम माहीत नव्हता.

दोन्हींतला खरा फरक मला इथे दिसतो. स्वर्गात तुमची कोणालाच गरज नाही. नरकात नुसतं उभं राहिलात तरी कोणाला तरी वारा लागतो. ‘बक्षीस नको, शिक्षेची भीती नको, तरी चांगलं वागू’ असं तुम्ही आयुष्यभर म्हणत आला असाल, तर ते खरं करून दाखवायची जागा नरकातच आहे. आणि तुमचं माणूस तिथे असेल तर विचारायलाच नको. फक्त शौर्य म्हणून, किंवा आस्तिक भावाला टोमणा मारायला म्हणून नरक मागू नका. असिपत्रवनात टोमणा ऐकायला कोणी नसतं.

आणि दमला असाल तर लाज न बाळगता स्वर्ग घ्या. ठाण्याहून सकाळच्या फास्ट लोकलने उभ्या उभ्या नोकरी काढलेल्या माणसाला काही काळ घाम नाही, धूळ नाही, कोणाला आपली गरज नाही, हे शिक्षेसारखं वाटणार नाही. हार कोमेजला की खाली यायचंच आहे. माझं मत नरकाकडे झुकतं, पण मे महिन्यात विचाराल तर खात्री देत नाही.

तिसरा पर्याय त्रिशंकूचा: ना वर, ना खाली, आणि तेही उलटं टांगून. ठाणं म्हणावं की नवी मुंबई, हा प्रश्न ज्यांना रोज पडतो त्या दिघ्याच्या लोकांनाही तो सुचवणार नाही.

एक अडचण आधीच लक्षात घ्या. गरुडपुराणाप्रमाणे यमपुरी ८६,००० योजने लांब आहे, आणि वाटेतला शिधा म्हणजे घरच्यांनी दिलेले पिंड. दहावा-तेरावा करू नका असं सांगून ठेवलं असेल, तर त्या हिशेबाने तुम्ही खिडकीपर्यंत पोचतच नाही. प्रेत होऊन भटकत राहता. कळव्याच्या मेडिकल कॉलेजला देहदान करायचं ठरवलं असेल, तर तुमचा कागद चित्रगुप्ताच्या आधी शरीररचनाशास्त्र विभागात जातो. तिथे नुसती तुमची इच्छा पुरत नाही. मृत्यूनंतर घरच्यांनी कळवलं नाही तर काहीच होत नाही, आणि नेत्रदानही करायचं असेल तर डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. तेव्हा अर्जावर बायकोची, मुलांची सही आत्ताच घ्या, आणि पितृपक्षात विचारणाऱ्या मावशीलाही एक प्रत देऊन ठेवा; ऐनवेळी घरात सगळ्यात मोठा आवाज तिचाच असतो.