आयएसओ ६४०० आणि लाइटरूमचं डीनॉइज: काही महिने वापरल्यावर

बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक ज्यानं कधी कॅमेऱ्यात धरायचा प्रयत्न केलाय, त्याला दाण्यांविषयी, म्हणजे कमी उजेडातल्या फोटोत उठणाऱ्या ठिपक्यांविषयी, वेगळं सांगायला नको. रात्रभर, पार उजाडेपर्यंत ती चालते. ट्रॉलीवर सजीव देखावा, एका बाजूनं डोळे दिपवणारा हॅलोजन, दुसरीकडून निळे-जांभळे एलईडी आणि मध्ये तलवार फिरवणारा मावळा. फ्लॅश मारला की देखाव्याची सगळी मजा गेली. म्हणजे शटर १/२५० सेकंद, आयएसओ (कॅमेरा फोटो किती उजळणार तो आकडा) ६४००, कधी १२८००. माझा कॅमेरा एपीएस-सी, म्हणजे जरा लहान सेन्सरचा, २४ मेगापिक्सेलचा. सावलीत तांबडे-हिरवे ठिपके ठरलेलेच.

लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधलं डीनॉइज, म्हणजे दाणे काढायची सोय, मी वैशाखातल्या मिरवणुकीपासून वापरतोय, पावसाळ्यात खानापूर-जांबोटीच्या रानातल्या फोटोंनाही लावलं. ॲडोबीनं हे २०२३ च्या एप्रिलमध्ये आणलं. माझे पैसे वसूल झाले, एवढं आधीच सांगून टाकतो.

खरी करामत दिसते ती काळोखात. मागचं आभाळ, फेट्याखालची सावली, काळ्या घोड्याचं अंग हे सगळं स्वच्छ होतं आणि शेल्याची जर मात्र जागच्या जागी राहते. लाइटरूमच्याच जुन्या ल्युमिनन्स स्लायडरनं (सरकपट्टीनं) दाणे घालवायचे तर जरही पुसली जायची. डीनॉइजचा नवा स्लायडर सुरुवातीला ५० वर येतो. मी तो ३० च्या आसपास ठेवतो. फार वर नेला की चेहरा मेणाच्या पुतळ्यासारखा होतो. दाढीचे खुंट गेले, तर तो मावळा कसला!

त्याची मर्यादा मला मंगसुळीला कळली. संध्याकाळच्या उजेडात खंडोबाचा भंडारा उधळला जात होता. हवेतली ती पिवळी भुकटी आणि सेन्सरचे दाणे यांतला फरक ओळखणं सॉफ्टवेअरला जड जातं. जोर जास्त लावला की भंडाऱ्याचा नुसता पिवळट धूर उरतो. जांबोटीकडच्या भुरभुर पावसाचंही तेच. असे फोटो मी आता तसेच ठेवतो, दाण्यांसकट.

दुसऱ्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर चाचणीपुरतं घेतलं होतं, नाव सांगत नाही. त्यात चेहरे सुधारायची सोय आहे. मागच्या रांगेतल्या पोराला त्यानं भलत्याचेच डोळे बसवले आणि मंडळाच्या फलकावरच्या मात्रा वाकड्या केल्या. शेजारच्या कन्नड पाटीचीही गत तीच. गल्लीतला माणूस फोटोत आधी स्वतःला शोधतो. त्याला दुसऱ्याचं तोंड दाखवून कसं चालेल? ते काढून टाकलं.

आमच्यातले काही जण दाण्यांच्या भीतीनं आयएसओ १६०० च्या वर जातच नाहीत, अंधारा फोटो काढतात आणि मग कॉम्प्युटरवर उजळतात. त्यानं दाणे कमी होत नाहीत. मुळात दाणे येतात ते उजेड कमी पडल्यामुळे. सेन्सरवर चौपट उजेड पडला तर दाण्यांच्या मानानं चित्र दुप्पट स्वच्छ होतं. तेव्हा आधी एफ/१.८ ची, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी लेन्स बघा, सॉफ्टवेअर मागाहून.

खर्चाचा मोठा भाग मशिनचा. ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड असेल तर काम पटापट होतं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर एकेका फोटोला काही मिनिटं लागायची, म्हणून निवडक फोटो रात्री लावून झोपायचो. आधी प्रत्येक फोटोची वेगळी डीएनजी फाइल तयार व्हायची, मूळच्या कितीतरी पट मोठी. २०२५ च्या अपडेटनंतर ती भानगड मिटली. फोटो मात्र रॉमध्येच (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) काढलेला हवा, जेपेगवर हे चालत नाही. आणि फोटो फक्त व्हॉट्सॲपवर जाणार असतील तर यात पडूच नका, तिथं फरक दिसत नाही. १२ बाय १८ च्या प्रिंटवरसुद्धा थोडे दाणे कुणाच्या डोळ्यांत येत नाहीत.

लाइटरूमसाठी दरमहा पैसे भरायचे नसतील तर डार्कटेबल नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यातल्या 'डीनॉइज प्रोफाइल्ड'मध्ये बऱ्याच कॅमेऱ्यांचे दाणे आयएसओनुसार मोजून ठेवलेले आहेत. आयएसओ १२८०० ला ते लाइटरूमची बरोबरी करत नाही, हाताचं कामही जास्त. पण लग्नाच्या फोटोंना मी हल्ली तेच लावतो. हॉलमध्ये उजेड बरा असतो, आणि एकदा स्टाइल (ठरवलेल्या सेटिंगचा संच) करून ठेवली की अख्ख्या लग्नाला एका दमात लागते.