देवळालीचं नाव इंग्रजीत कसं गेलं, ते बाईंच्या वर्गात कळलं

मी नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात निर्यात विभागात आहे. आठवड्यातून दोनदा इंग्लंडच्या ग्राहकांशी फोनवर बोलावं लागतं. मेल मी व्यवस्थित लिहितो, पण समोरच्याने बोलता बोलता एखादा वाक्प्रचार टाकला की मी तिथेच अडकतो. गेल्या पावसाळ्यात तिकडचे एक गृहस्थ म्हणाले, "अवर सिस्टीम हॅज गॉन डुलाली." मी "येस, येस" म्हणत पुढे गेलो आणि कागदपत्रं त्याच सिस्टीमवर चढवली. ती त्यांना मिळालीच नाहीत. माल निघायला चार दिवस उशीर झाला.

त्यानंतर नाशिकरोडच्या या वर्गाला जायला लागलो. वर्गाला ना पाटी, ना नाव. मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आपल्या घराच्या पुढच्या खोलीत दर शनिवारी दोन तास फक्त इंग्रजी वाक्प्रचार शिकवतात. दहा शनिवारांचे १५०० रुपये. आम्ही नऊ जण होतो: दोन नर्स, एक बँकेतली मुलगी, मी आणि बाकी बारावीची मुलं.

वहीत तीन रकाने आखायचे. अर्थ काय, छापील पुरावा कुठला, आणि कुणासमोर वापरायचा नाही. मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मधल्या रकान्याचा. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "गोष्ट छान आहे म्हणून खरी धरायची नाही." आणि उदाहरण दिलं ते आपल्याच 'ध चा मा'चं. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ साली शनिवारवाड्यात झाला हे पक्कं, पण अक्षर बदलल्याची कथा वेगळी तपासायला हवी. 'पानिपत झालं' म्हणताना मात्र १७६१ची लढाई सरळ समोर उभी असते.

याच चाळणीतून 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' गेला. गवती छपरावर निजलेली कुत्री-मांजरं पावसात घसरून खाली पडायची, ही गोष्ट मला व्हॉट्सअ‍ॅपवर तीनदा तरी आली असेल. ती १९९९च्या सुमारास ईमेलवरून फिरलेल्या एका मजकुरामुळे जगभर पसरली. वाक्प्रचार त्याहून कितीतरी जुना आहे, जोनाथन स्विफ्टच्या १७३८च्या पुस्तकात तो आहेच. उगम मात्र सिद्ध झालेला नाही, म्हणून तेवढी जागा बाईंनी कोरी ठेवायला लावली. तिसऱ्या रकान्यात लिहायला सांगितलं की आज तिकडची माणसं साधं 'इट्स पोअरिंग' म्हणतात. आम्ही शाळेत निबंधात हा वाक्प्रचार घालून शाबासकी मिळवलेली पिढी, त्यामुळे हे ऐकून मला खरोखर धक्का बसला.

ज्यांचा उगम पक्का आहे, ते बाई रंगवून सांगतात. 'रीड द रायट अ‍ॅक्ट' म्हणजे रागावणं, एवढंच मला ठाऊक होतं. ब्रिटनमध्ये १७१५ पासून हा कायदा खरोखर अमलात होता. बारा किंवा जास्त माणसं दंगा करायला जमली, तर अधिकाऱ्याने ठरावीक मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा. तासाभरात पांगली नाहीत तर जबर शिक्षा. म्हणजे यात नुसता राग नाही, 'आता शेवटचं सांगतोय' हा इशारा आहे. हे कळल्यावर तो कुठे बसतो ते आपोआप उमगतं. 'स्टील समवन्स थंडर'चंही तसंच. जॉन डेनिस या नाटककाराने १७०९ साली लंडनच्या ड्ररी लेन थिएटरातल्या आपल्या नाटकासाठी ढगांच्या गडगडाटाची नवी युक्ती काढली. नाटक पडलं, आणि थोड्याच दिवसांत तिथेच 'मॅकबेथ'च्या प्रयोगात त्याला आपलाच गडगडाट ऐकू आला. बँकेतली मुलगी म्हणाली, "माझ्या साहेबांनी माझा तक्ता मीटिंगमध्ये स्वतःचा म्हणून दाखवला, ते हेच!"

दोन तक्रारी आहेत. अमेरिकन वाक्प्रचारांना अख्ख्या वर्गात एकच शनिवार मिळाला. बेसबॉलमधून आलेले 'बॉलपार्क फिगर' (अंदाजे आकडा), 'टच बेस' (थोडक्यात संपर्क साधणं) हे ऑफिसात रोज कानावर पडतात, ते घाईत उरकले. 'टेबल' करणं म्हणजे ब्रिटनमध्ये विषय चर्चेला घेणं आणि अमेरिकेत बाजूला ठेवणं, यावर तर अर्धा तास द्यायला हवा होता, कारण तिथे व्यवहारच उलटा होतो. दुसरं म्हणजे बोलायचा सराव फार कमी. अर्थ पाठ होतो, पण जीभ वळत नाही.

तरीही सहावा शनिवार मी विसरणार नाही. बाईंनी फळ्यावर 'डुलाली' लिहिलं आणि विचारलं, "देवळालीचं कोण आहे?" मी हात वर केला. तिसऱ्या पिढीपासून आम्ही कॅम्पातले, आजोबा तिथल्या बेकरीत होते. बाईंनी सांगितलं ते असं. देवळालीला १८६१ साली ब्रिटिशांची छावणी झाली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई इथे आणून मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत ठेवले जायचे. जहाजं साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढेच महिने सुटायची. ती हुकली की महिनोन् महिने ऊन, रिकामपण, दारू, ताप. काहींचं डोकं फिरायचं. त्याला शिपाई 'डुलाली टॅप' म्हणायला लागले. डुलाली म्हणजे आपली देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळून पडला आणि 'गोइंग डुलाली' म्हणजे वेड लागणं, बिघडणं, एवढंच उरलं.

मला आधी वाईट वाटलं. देवळालीला लोक हवापालटासाठी येतात, इथल्या सॅनिटोरियममध्ये राहून बरे होऊन जातात, आणि इंग्रजीत तिचं नाव वेडासाठी. मग ते शिपाई डोळ्यांसमोर आले. घरी जायची वाट पाहणारी वीस-पंचवीस वर्षांची पोरं. त्या रात्री कॅम्पातल्या जुन्या बराकींवरून जाताना मी गाडी थांबवली आणि थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.

पुढच्या कॉलवर मी त्या गृहस्थांना म्हणालो की तुमची सिस्टीम गेली होती ना, ते गाव माझं. ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "स्पेलिंग सांगाल का?" मी एकेक अक्षर सांगितलं, आणि उच्चारही. दोनदा चुकून तिसऱ्यांदा ते नीट म्हणाले: देवळाली.