५५ प्लसमध्ये जायचं की आपल्याच घरात राहायचं? आम्ही घातलेला घोळ

मुलं बाहेर पडली, चार बेडरूमचं घर दोघांनाच खायला उठतं, आणि ओळखीतलं कुणीतरी ५५ प्लसमध्ये, म्हणजे पंचावन्नच्या वरच्यांसाठी बांधलेल्या वसाहतीत, शिफ्ट होऊन रोज पिकलबॉलचे (टेनिससारखा एक खेळ) फोटो टाकत असतं. मग घरात विषय निघतोच. आमच्याकडे गेली दोन वर्षं हाच चाललाय, पाच-सहा ठिकाणं बघून झाली, एका ठिकाणी तर तीन रात्री राहून आलो, म्हणून म्हटलं लिहून टाकावं. सगळं अमेरिकेतलंच आहे हे.

आधी एक गैरसमज. ५५ प्लस म्हणजे वृद्धाश्रम नाही. घर तुमचं, स्वयंपाक तुमचा, रात्री चक्कर आली तर ९११ ला फोनही तुम्हीच करायचा, तिथे नर्स वगैरे कोणी नसतं. १ जानेवारी १९६० ला ॲरिझोनात डेल वेब या बिल्डरने सन सिटी ही अशीच वसाहत उघडली तेव्हा आधी गोल्फ कोर्स, रिक्रिएशन सेंटर आणि दुकानं बांधली आणि मग घरं विकायला काढली, आजही साचा बहुतेक ठिकाणी तोच आहे. विकतात ती मजा, सेवा नाही. जाहिरातीतल्या 'ॲक्टिव्ह ॲडल्ट' मधला ॲक्टिव्ह हा शब्द नीट वाचा.

सोबतीच्या बाबतीत मात्र ५५ प्लस सरळ जिंकतं. आमच्या गल्लीत आता सगळे तरुण, सकाळी गाडी काढताना हात हलवतात की संपलं. तिथे सकाळी सातला स्विमिंग पूलवर चारजण असतातच, पत्ते, सुतारकाम, कोरस, काही ना काही चालू असतं. फक्त ती सोबत आपोआप घरी चालत येत नाही, तुम्ही क्लबहाउसला गेलात तर आहे, आणि जुन्या मेंबरांचे कंपू तिथेही असतातच, पत्त्यांच्या टेबलावर नवख्याला जागा मिळायला वेळ लागतो. मला सगळीकडे एकाच वयाची माणसं बघून जरा कसंतरी झालं होतं, शिवाय दर थोड्या दिवसांनी कुणाच्या तरी दारात ॲम्ब्युलन्स. बायकोचं मत अगदी उलट. ती म्हणाली, इथे गुडघ्याबद्दल बोलायला कुणी लाजत नाही, आणि नवरा गेलेली बाई इथे जेवायला बोलावण्यांतून वगळली जात नाही. हे तिचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही.

आता नियम, जे लोक सही करताना वाचतच नाहीत. १९९५ च्या फेडरल कायद्याप्रमाणे राहत्या घरांपैकी किमान ८० टक्के घरांत एक तरी माणूस ५५ किंवा वरचा लागतो, बाकी किती सवलत द्यायची ते त्या कम्युनिटीच्या कागदपत्रांवर. नातवंडं किती दिवस राहू शकतात याला बऱ्याच ठिकाणी वर्षाची मर्यादा असते. सुट्टीत येणाऱ्यांचं ठीक आहे हो, पण मुलीचं काही बिनसलं आणि ती लेकराला घेऊन सहा महिने राहायला आली तर? सन सिटीच्या शेजारच्या यंगटाऊनमध्ये आजी-आजोबांकडे राहायला आलेल्या नातवावरूनच भांडण पेटलं आणि शेवटी १९९८ मध्ये गावाची वयाची अटच गेली. तुमच्या जुन्या घरात असं विचारायला कोण येतंय?

गेट आहे म्हणजे सुरक्षित, हे फार मनावर घेऊ नका. फ्लोरिडातल्या द व्हिलेजेस या ५५ प्लस वसाहतीत गेट आहेत पण रस्ते बरेचसे सार्वजनिक, बटण दाबलं की दांडा वर. आणि जिथे रस्ते खरंच खाजगी आहेत तिथे डांबराचा खर्च तुमच्याच खिशातून.

पैशाचं म्हणाल तर आकड्यांपेक्षा स्वभाव बघा. जुन्या घरात छत गळलं की कधी आणि कोणाकडून करायचं ते तुम्ही ठरवता. तिथे लॉन, बर्फ, बाहेरचा रंग यांची कटकट बऱ्याच ठिकाणी एचओए (घरमालकांची सोसायटी) घेतं पण महिन्याचं बिल वाढणारच, आणि मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेल्या रिझर्व्ह फंडात खडखडाट असला तर एक दिवस स्पेशल असेसमेंटचं, म्हणजे जादा वर्गणीचं, पत्र येतं की क्लबहाउसचं छत बदलायचंय, द्या. घर बघायला जाल तेव्हा ग्रॅनाइटचा ओटा नंतर बघा, आधी रिझर्व्ह स्टडी (त्या फंडाचा अहवाल) आणि एचओएच्या बोर्डाच्या मीटिंगचे मिनिट्स मागा. टाळाटाळ झाली तर काय समजायचं ते समजा.

आमचं घोडं अडलंय ते तब्येतीवर. ६५ च्या वरचे चारात एकाहून जास्त लोक दरवर्षी पडतात असं सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था सांगते, आणि आमचं घर दोन मजली, आंघोळ वरती. ५५ प्लसमधली घरं बहुतेक एकमजली, दारं रुंद, शॉवरला उंबरा नाही. हे खरंच सोयीचं. पण ती गावाच्या टोकाला असतात, गोल्फ कार्ट क्लबहाउसपर्यंत नेते, कार्डिऑलॉजिस्टकडे नाही, त्यामुळे गाडी चालवणं सुटलं की अडचण दोन्हीकडे सारखीच. रोज आंघोळ घालायला, कपडे चढवायला माणूस लागला तर त्याचे दीर्घकाळाचे पैसे मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) देत नाही, तुम्ही कुठेही राहा. म्हणजे ८० नंतर तिथूनही असिस्टेड लिव्हिंगला, म्हणजे रोजच्या कामांत मदत मिळते अशा निवासात, हलावं लागू शकतं. एकदा सामान आवरतानाच आमची पाठ मोडेल, दुसऱ्यांदा कोण आवरणार? स्वतंत्र घरापासून नर्सिंगपर्यंत सगळं एकाच कॅम्पसवर देणाऱ्या सीसीआरसी नावाच्या वसाहती असतात, पण बऱ्याच ठिकाणी प्रवेशाची रक्कम दणदणीत आणि धडधाकट असतानाच आत घ्यायची पद्धत, तब्येत तपासून.

तुम्ही माणसांत रमणारे असाल आणि साठीच्या आसपास असाल तर जा, दहा-पंधरा वर्षं मस्त जातील. पंच्याहत्तरी गाठली असेल तर मी ५५ प्लसची पायरी गाळून सीसीआरसीच बघेन. आणि गल्लीत हाक मारली तर धावून येणारी दोन घरं असतील तर ती सोडू नका.

आमचं सध्या असं चाललंय की खालच्या मजल्यावर बाथरूम करून घेतोय, आणि येत्या जुलैत महिनाभर एका ५५ प्लसमध्ये भाड्याने राहणार, ऐन उन्हाळ्यात, घरं विकायला दाखवताना लावतात ते ओपन हाउसचे फुगे नसताना. बायकोने पिकलबॉलची रॅकेट आधीच आणून ठेवलीये.