ताम्हिणी की वरंध: गाड्यांच्या ताफ्यासाठी कोणता घाट?

पुण्यातल्या आठ-दहा हौशी चालकांनी आपापल्या गाड्या घेऊन एकत्र कोकणात उतरायचे ठरवले, की ताम्हिणी आणि वरंध या दोन घाटांवरून हमखास दोन तट पडतात.

ताफा एकसंध ठेवणे हा खरा निकष आहे. पौड-मुळशीवरून माणगावकडे उतरणारी ताम्हिणी त्या दृष्टीने सोपी आहे, कारण तिथला रस्ता तुलनेने रुंद असून मागची गाडी आरशात बराच वेळ दिसत राहते. भोरहून नीरा देवघरच्या पाण्याकडेने महाडला जाणारा वरंध अरुंद आहे. समोरून एसटी आली की पहिली गाडी कडेला दबते, दुसरी थांबते आणि उरलेला ताफा मागच्या वळणाआड अडकतो. मोबाइलच्या भरवशावर तिथे जाऊ नये; वॉकीटॉकी बरा.

पावसाळ्यात मात्र निवड फारशी उरत नाही. दरडींच्या धोक्यामुळे प्रशासन वरंध अनेकदा बंद ठेवते, तर ताम्हिणीत शनिवार-रविवारी धबधब्यांपाशी इतकी गर्दी उसळते की गाडी चालवण्याचा आनंद मिळतच नाही. थांब्याच्या बाबतीत वरंध सरस आहे: वाघजाई मंदिरापाशी चहा-भजी मिळतात आणि समोर थेट दरी दिसते. (खिडक्या बंद ठेवाव्यात, माकडे धीट आहेत.)

नवखे चालक, बुटक्या गाड्या किंवा मोठा ताफा असेल, तर आडवारी ताम्हिणी घ्यावी. घाटाचा सराव असलेल्या चार-पाच जणांनी हिवाळ्यात, रस्ता खुला असल्याची खात्री करून, वरंधने जावे.